थांबा काका, मी लाल आहे

शेजारच्या मिलिंदला "कसा आहेस?" विचारलं, की तो आधी खिशातली डबी बघतो. कानाच्या पाळीला चिमटा, चिमट्याची वायर डबीला. काळजाची धडधड वाढली की डबीवर लाल दिवा, निवली की हिरवा. लाल असला की हात वर करतो. "थांबा काका, मी लाल आहे."

मी गवंडी माणूस, चौथी शिकलेला. ओळंबा भिंतीला लावतात एवढं ठाऊक; मनाला लावणारा हा पहिलाच बघितला. बायको गेल्यावर पोरानं मला डब्लिनकडं, ओंगारला आणलं, आणि वर लॉकडाऊन लागलं. मागच्या अंगणात लाकडी कुंपण, पलीकडं हा पन्नाशीचा एकटा इंजिनिअर. बोलायला दुसरं होतं कोण?

एक बाई त्याला कॉम्प्युटरवरून शिकवायची. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. पार्सलवाला बेल वाजवतोय आणि हा आत सहा मोजतोय. तो बिचारा "ग्रँड, ग्रँड", म्हणजे इकडचं 'ठीक आहे, ठीक आहे', करत पायरीवर खोकं टाकून गेला. पावसानं खोक्याचा लगदा झाला.

एकदा चिमटा सॅनिटायझरनं पुसून मला दिला. "डोळे मिटा काका. शांत वाटतं ती जागा आठवा."

मी आमच्या हिचं स्वयंपाकघर आठवलं. दिवा लाल.

"दुसरी जागा आठवा."

"दुसरी नाही."

त्यानं डबी उपडी ठेवली.

रोज दुपारी नाशिकहून त्याच्या आईचा फोन यायचा. हा रिंग वाजू द्यायचा, हिरवा झाल्यावरच उचलायचा. डबीचं तिलाही ठाऊक होतं. मला वाटायचं, नाटकं नुसती. एक दिवस फोन वाजतोय, वाजतोय, आणि दिवा लालच.

"अरे, उचल की!"

"नाही काका. माझा आवाज कापला की ती घाबरते. काल ॲडमिट केलंय तिला. विमानं बंद, मी जाणार कसा?"

तेव्हा कळलं, हा श्वास कुणासाठी मोजत होता.

"हिचा शेवटचा फोन आला तेव्हा माझा स्लॅब चालला होता," मी म्हणालो. "म्हटलं, झाल्यावर करू. स्लॅब झाला, ही गेली. लाल तर लाल. उचल."

उचलला. "आई," म्हणताना आवाज कापलाच.

"आज हिरवा व्हायची वाट नाही बघितलीस?" स्पीकरवर म्हातारी हसली. "बरं केलंस. रोज रिंग मोजून मीच लाल व्हायची रे."

मिलिंदनं कानाचा चिमटा ओढून काढला. मायलेकांत आपण कशाला, म्हणून मी घरात निघालो. त्यानं नेहमीसारखा हात वर केला.

मी थांबलो.