एक बटन कमी

रिमोटची सगळी बटनं चालतात, म्हणून रिमोट परत करायला आलेलं गिऱ्हाईक माझ्या दुकानात आजवर एकच. नामदेवभाऊ कुथे.

"बंडूभाऊ, हा वापस घ्या," म्हणून त्यांनी काउंटरवर रिमोट ठेवला. आदल्याच दिवशी नेलेला, सगळ्या कंपन्यांच्या टीव्हीला चालणारा युनिव्हर्सल रिमोट. मी दुकानातल्या टीव्हीकडे धरून पाहिला. टीव्ही चालू झाला, बंद झाला, आवाज वाढला, कमी झाला, चॅनल बदललं.

"चालून त राह्यला भाऊ. खराबी काय हाय?"

"म्यूट दाबा."

दाबलं. आवाज गेला.

"हेच," भाऊ म्हणाले. "म्यूट चालून राह्यलं ना जी. ते नाई चालाले पायजे."

मी आठवडी बाजारात ताडपत्री टाकून सेल आणि टॉर्च विकत वर आलेला माणूस आहे. ब्रह्मपुरीतलं हे दुकान मला बापानं दिलं नाही की सासऱ्यानं. गिऱ्हाईक दारात चप्पल काढतं तेव्हाच ते कितीवर येईल हे मला कळतं. भाव पाडायला आलेल्या माणसाला कसं बोलायचं, कुठं चिडायचं, कुठं "राहू द्या मग" म्हणून माल कपाटात ठेवायचा, हे सगळं मला येतं. पण भाऊ भाव पाडतच नव्हते.

"पैसे पूर्ण घ्या," ते म्हणाले. "बटन एक कमी द्या."

असं गिऱ्हाईक मला कोणत्याच बाजारात भेटलं नव्हतं.

भाऊ ऊर्जानगरच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. तीस-बत्तीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढली. चार वर्षांपूर्वी आमच्या गावाबाहेरच्या नव्या वस्तीत घर बांधून राहायला आले. माणूस उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशाला दोन पेन, आणि एका जागी ठरणं अंगात नाही. माझ्याकडे गिऱ्हाइकासाठी दोन स्टूल आहेत. भाऊ कधी टेकले नाहीत. "बसा ना जी," म्हटलं की म्हणायचे, "ड्युटीवर बसत नसते." आणि दुकानात फेरी मारायचे. मीटर पाहायचे, पंख्याचा आवाज कान देऊन ऐकायचे, इन्व्हर्टरवर हात ठेवून गरम आहे का पाहायचे. समोरच्या टपरीवरून चहा यायला उशीर झाला की विचारायचे, "काऊन जी, फीड पंप ट्रिप झाला का?" गावात कुणाचं लग्न मोडलं तरी "युनिट ट्रिप झालं", आणि कुणाला नातू झाला तरी "युनिट लायनीवर आलं."

आता या रिमोटचं काम कसं चालतं ते सांगतो, नाहीतर भाऊंचा उपद्व्याप कळणार नाही. युनिव्हर्सल रिमोटसोबत एक कागद येतो. त्यावर बारीक अक्षरात आकडे असतात, कोड म्हणतात त्याला. सेटचं बटन लाल लाइट लागेपर्यंत दाबून धरायचं, मग कोड टाकायचा, मग टीव्हीवर धरून पाहायचं. एकाच टीव्हीला वीस-पंचवीस कोड असतात. एखाद्या कोडवर सगळं चालतं, एखाद्यावर टीव्ही चालू-बंद होतो पण चॅनल बदलत नाही, एखाद्यावर आवाज वाढतो पण कमी होत नाही. लोक सगळं चालणारा कोड मागतात. भाऊंना असा कोड हवा होता की ज्यात सगळं चालेल आणि म्यूट तेवढं चालणार नाही.

दुसऱ्या दिवशी ते एक लांब रजिस्टर घेऊन आले. पट्टीनं रेघा मारलेल्या. वेळ, कोड, पॉवर, आवाज जास्त, आवाज कमी, चॅनल, म्यूट. शेवटच्या रकान्याच्या वर लाल पेनानं लिहिलं होतं: 'नाही' असणे आवश्यक.

"तुमच्या घरी टीव्ही हाय ना भाऊ? तिथी करा ना हे."

"घरी नाई जमत."

"काऊन?"

"नाई जमत म्हटलं ना. तुमचा टीव्ही आमच्याच कंपनीचा हाय. इथीच टेस्टिंग होईन."

आणि माझ्या दुकानात, माझ्या टीव्हीवर, टेस्टिंग सुरू झालं. मॅच पाहायला आठ-दहा माणसं दारात उभी असायची. शेवटची ओव्हर, बॅट्समननं बॅट उचलली, की टीव्ही बंद. भाऊ शांतपणे रजिस्टरमध्ये लिहायचे. लोक ओरडायचे, "अबे, कोन हाय तो बह्याड?" भाऊ मान वर न करता म्हणायचे, "शटडाऊन घेतला हाय. पाच मिनिटं थांबा."

मी एकदा विचारलं, "मूळ रिमोट कुठी गेला तुमचा?"

"वैनगंगेत पडला."

"टीव्हीचा रिमोट घेऊन नदीवर काय करत होते जी?"

"पुलावरून चाललो होतो," ते म्हणाले आणि मीटर पाहायला गेले.

आणि म्यूटचं एवढं वाकडं का, याची कारणं रोज वेगळी. एक दिवस म्हणाले, आवाज बंद करून ठेवणं ही निष्काळजीपणाची सुरुवात आहे, कंट्रोल रूममध्ये आम्हाला हेच शिकवलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, म्यूटनं टीव्हीचा स्पीकर खराब होतो. मी वीस वर्षं टीव्ही उघडतोय, हे मला सांगता! तिसऱ्या दिवशी म्हणाले, "घरचा प्रश्न हाय," आणि इन्व्हर्टरवर हात ठेवायला गेले.

एकदा जवळजवळ जमलं होतं. एका कोडवर सगळं बरोबर चाललं आणि म्यूट दाबलं तर आवाज तसाच. भाऊंचे डोळे चमकले. पण पडद्यावर कोपऱ्यात अक्षरं आली, स्लीप, पंधरा मिनिटं. म्हणजे त्या कोडवर म्यूटचं बटन टीव्हीला झोपवायचं काम करत होतं.

"घ्या," मी म्हटलं, "म्यूट नाई ना झालं? न्या आता."

"नाई," भाऊ इतक्या जोरात म्हणाले की सोल्डरिंग करता करता माझा हात हलला. "झोप त अजिबातच नाई पायजे."

तेरा दिवस हे चाललं. शेवटी माझं डोकं फिरलं. बाजाराचा दिवस, दुकान गच्च भरलेलं, आणि हे एकविसाव्यांदा सेटचं बटन दाबत उभे. मी ओरडलो, "भाऊ, इथी चांगला माल विकतात. खराब माल पायजे असन त दुसरीकडं जा!"

भाऊंनी रजिस्टर बंद केलं. पेन खिशाला लावला. आणि सगळ्या लोकांसमोर, आवाज न चढवता म्हणाले, "तुमची काही चूक नाई बंडूभाऊ. तुमी विकनारे. आतलं तुमाले काय समजन."

रिमोट उचलून ते गेले. माझ्या मनातून मात्र ते वाक्य गेलं नाही. आतलं मला काय समजणार! पहिला रेडिओ मी बायकोच्या केसांच्या पिनेनं उघडला होता. कुठल्या आयटीआयत गेलो नाही, कुणी हात धरून शिकवलं नाही. जे शिकलो ते चटके खात शिकलो. तालुक्यात कुणाचा टीव्ही कुठं बसला हे मी फोनवर आवाज ऐकून सांगतो. आणि हा माणूस मला 'विकनारे' म्हणाला. दोन रात्री मी जेवताना बायकोवर खेकसलो. तिनं विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाई, म्यूट." ती म्हणाली, "मंग व्हा."

चार दिवस भाऊ फिरकले नाहीत. कोडांचा माझा कागद त्यांच्या रजिस्टरमध्ये राहिला होता, माझ्याकडे एकच होता तो. मी दुपारी गाडी काढली. कागद घ्यायचा आणि दोन शब्द सुनवायचे, वाटेत ते शब्द मी तयारही केले.

घराचं दार उघडंच होतं. आतल्या खोलीत खाटेवर भाऊ भिंतीकडे तोंड करून पडलेले. समोर खुर्चीत त्यांची बायको, देवकाबाई, मांडीवर सूप, सुपात निवडायची तूर, नजर टीव्हीवर. टीव्हीवर एक सासू एका सुनेला काहीतरी फार भयंकर बोलत होती. आवाज अजिबात नव्हता.

मी तोंड उघडणार तेवढ्यात देवकाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला भाऊ. झोपले हायेत."

"आवाज बंद काऊन जी?" मी पण कुजबुजलो.

"सवय हाय," त्या हसल्या. "ऊर्जानगरले क्वार्टरात दोनच खोल्या होत्या. ह्यायची रातपाळी. सकाळी येऊन झोपत. टीव्ही लावला का जाग येई. मंग म्या आवाज बंद करूनच पाहो. ह्यायची झोप नाई झाली, अन् तिकडं पॅनलवर डोळा लागला त? माह्या जिवाले तेच लागून राहे."

"पन आता त रिटायर झाले."

"हाव ना. मले समजते सारं. पन हे आडवे झाले का अंगठाच बटनावर जाते. मले पत्ताच लागत नाई." मग आवाज आणखी उतरवून म्हणाल्या, "जुना रिमोट त ह्यायनंच नदीत फेकला. मले दिसलं नाई असं त्यायले वाटते."

खाटेकडे पाहिलं तर भाऊंचा एक डोळा उघडा. त्यांनी भुवईनं मला परसदाराकडे जायची खूण केली.

मागं धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. भाऊ बांधाच्या कडेनं इकडून तिकडं चालायला लागले.

"दिवसा मले झोपच येत नाई जी," ते म्हणाले. "पन म्या नुसती पाठ टेकली का तिनं बंद केलाच आवाज. दिवसभर फिरत राह्यतो, तेवढाच वेळ तिच्या कानावर काही पडते. आता टोंगळे दुखते. किती फिरू?"

"सांगत काऊन नाई तिले?"

"सांगतलं. 'हाव' म्हनते. पाच मिनिटं ठेवते, मंग पुन्हा तेच. बंडूभाऊ, तीस वर्षं तिनं लोकायचे नुसते तोंडं हलताना पाह्यले. माह्या झोपेसाठी. मले ते आता झोपू देत नाई."

मी तयार केलेले दोन शब्द कुठं गेले कोण जाणे. उलट दुसराच राग आला. "मंग तेरा दिवस माह्या डोक्याचा भुगा काऊन केला? रिमोट उघडून म्यूटच्या रबराखाली टेपचा तुकडा लावला का झालं. दोन मिनिटाचं काम!"

"उघडायचा असता त मीच उघडला असता. मले पॅनल खोलता येते," भाऊ थांबले. "तिनं उद्या सेल बदलाले पाठ काढली, टेप पाह्यली, त तिले काय वाटन? का इतके वर्षं म्या ह्यायची झोप सांभाळली, अन् ह्यायनं माह्यं बटन मारलं. कोडातूनच झालं पायजे. म्हंजे कुनी केलं असं वाटत नाई."

"सेल बदलाले आतलं उघडावं नाई लागत," मी म्हटलं. "सेलाचं झाकन वेगळं, आतला भाग वेगळा. हे आतलं मले समजते."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. माफी वगैरे मागितली नाही, त्यांना ती मागताही येत नसावी. फक्त कोड टाकायचा म्हणून आतून रिमोट घेऊन आले, आणि गाडीच्या डिकीतून मी पेचकस काढला तेव्हा उन्हात माझ्या हातावर सावली पडेल असे उभे राहिले.

दोन मिनिटंही लागली नाहीत. काळ्या टेपचा नखाएवढा तुकडा. रिमोट पुन्हा बंद केला, शर्टाला पुसला.

"वहिनी, नवीन कोड टाकला," आत जाऊन मी सांगितलं, "पाहा बरं चालते का." आवाज चांगला मोठा ठेवून रिमोट त्यांच्या हातात दिला. सासू अजून बोलतच होती, आता सगळ्या घरभर.

भाऊ खाटेवर आडवे झाले, भिंतीकडे तोंड. मी दाराशी उभा. माझा सगळा धंदा त्या एका अंगठ्यावर आल्यासारखं वाटत होतं.

अंगठा गेला. आवाज तसाच. पुन्हा गेला. तसाच. देवकाबाईंनी रिमोटकडे पाहिलं, तो तळहातावर आपटला, पुन्हा दाबलं. मग त्यांनी पाच-दहा मिनिटं मालिका आवाजासकट पाहिली, सुपातली तूर निवडायची थांबवून. भाऊंची पाठ श्वाससुद्धा घेत नव्हती.

"हे लोक त भलतंच बोलून राह्यले," शेवटी त्या म्हणाल्या.

भाऊंनी मान वळवली. "काऊन? काय झालं?"

"सासू म्हनते, दागिने कुठी ठेवले. रोज तेच, दागिने, चाबी, वाटा." देवकाबाईंना खरोखर वाईट वाटलं होतं. "माह्यी सासू असं नव्हती म्हनत."

"तुही कोनती सासू?"

"हेच जी, टीव्हीतली. माह्याजवळ ती म्हनत होती का, पोरी, तुह्या माय-बापाच्या गावाची आठवन येते का तुले. मंग सून रडत होती. मंग तो नवरा येऊन म्हने..." त्या थांबल्या, लाजल्या. "जाऊ द्या. म्या त्यायच्या तोंडी आपलंच बोलनं लावून लावून पाहो. तीस वर्षं काय करू बसल्या बसल्या?"

म्यूट चालत नव्हतं. त्यांनी आवाज कमी करायचं बटन धरलं, आणि पडद्यावरची रेघ एकेक घर मागं येत शून्यावर जाऊन थांबली. माझा टेपचा तुकडा आतल्या आत बसून राहिला.

मी भाऊंकडे पाहिलं. मला वाटलं आता म्हणतील, हे बटन पण मारा. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते उठून बसले होते, पाय खाली सोडून, तिच्या खुर्चीच्या अगदी जवळ. पडद्यावर एक तरुण दारात येऊन उभा राहिला आणि त्याचे ओठ हलायला लागले.

"मंग?" भाऊ म्हणाले. "तो काय म्हने?"