मार्थेन्सचा बोलका मोको

"बोलणी मी करणार! तुम्ही कुणी तोंड उघडायचं नाही. तुम्ही फक्त पान-सुपारी पुढे करायची आणि मी हसलो की हसायचं!"

मार्थेन्सने हे आठवडाभर आधी गावभर सांगून ठेवलं होतं. विहिरीवर सांगितलं, चर्चच्या पायरीवर सांगितलं, आणि ज्यांनी दोनदा ऐकलं होतं त्यांना तिसऱ्यांदा घरी बोलावून सांगितलं. वेलाइमांग हे आमचं गाव बेटावरच्या एका डोंगराच्या अशा टोकाला आहे की खालून येणारा ट्रकसुद्धा शेवटच्या वळणावर थांबून विचार करतो. घरं मोजकी, माणसं त्याहून मोजकी, त्यामुळे आठवडाभरात मार्थेन्सचं बोलणं कोंबड्या-डुकरांनाही पाठ झालं होतं.

विषय होता त्याच्या मुलाच्या, ओक्तोच्या लग्नाचा. पोरगी पलीकडच्या डोंगरावरची, मेलियाना. दोघांचं जमून वर्ष झालं होतं. पण आमच्याकडे नुसतं जमून भागत नाही. मुलाकडच्यांनी मोको दिल्याशिवाय सून उंबरा ओलांडत नाही. मोको म्हणजे डमरूच्या आकाराचा काशाचा ढोल, वर काशाचाच पडदा, खालून उघडा, बाजूला धरायला दोन कान. नवे कुणी घडवत नाही, जुने आहेत तेच या घरातून त्या घरात फिरतात. आणि गेल्या पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या एका मुलाने मेलियानाला मागणी घातली होती. त्याच्याकडे मोकोही होता आणि इंजिनाची होडीही. त्याची माणसं रविवारी येणार होती. त्याआधी इकडचं ठरलं नाही तर मेलियाना होडीत बसणार, हे ओक्तोला ठाऊक होतं. बिचाऱ्याची झोप उडाली होती.

"बाबा, मोको एकदा खाली काढून पुसून ठेवू या का?"

"अरे, मोको काय पळून जातोय? माझ्या आजोबांपासून माळ्यावर झोपलाय तो. पाहुणे आले की उठवू. आधी उठवला की त्याचा दबदबा जातो!"

पाहुणे शनिवारी यायचे होते. आले शुक्रवारी! ट्रकवाल्याला शनिवारी मावसभावाकडे डुक्कर खायला जायचं होतं, म्हणून त्याने सगळ्यांना आदल्या दिवशीच आणून ओतलं. मार्थेन्स तेव्हा उघड्या अंगाने घरापुढच्या माचीवर दाढी करत होता. अर्ध्या गालावर फेस, अर्धा गाल मोकळा, अशा थाटात त्याने व्याह्यांचं स्वागत केलं.

पुढे होते सोलेमान आजोबा, मुलीच्या आईचे काका. यांची ख्याती पाच डोंगरांवर. मोकोवर नुसती टिचकी मारली की म्हातारा सांगणार, हा कुठल्या जातीचा, किती जुना, कुणाच्या लग्नात कुणाकडे गेला! त्यांच्या मागे मुलीचा बाप येरमियास. गरीब माणूस, सोलेमान आजोबांना विचारल्याशिवाय शिंकतसुद्धा नसे.

"या, काका, या! कसा झाला प्रवास?" मार्थेन्सने फेस पुसला.

"प्रवास कसला! ट्रकात सिमेंटच्या पोत्यांवर बसून आलोय. हाडं मोजून घ्यायला हवीत. मोको काढ, मार्थेन्स, गाडीवाला खाली भोंगा वाजवतोय."

"ओक्तो! जा, माळ्यावरून आपला मोको आण. जपून हो, वजनदार आहे!"

ओक्तो शिडीवरून वर गेला. वरून कणसं सरकवल्याचा आवाज आला. मग जरा जास्तच आवाज आला. मग तो खाली आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो बापाच्या कानाशी लागला.

"बाबा, वर मोको नाही."

मार्थेन्स हसला. पाहुण्यांकडे बघून आणखी हसला. ठरल्याप्रमाणे सगळे हसले. मग तो सहज उठल्यासारखा उठला आणि घराच्या मागच्या बाजूला स्वयंपाकाच्या खोपीत घुसला.

"अगं, मोको कुठाय?"

योरिना चुलीपाशी मक्याचे पोहे कुटत होती. तिने दगडानेच कोपरा दाखवला. "तो काय."

मोको होता. उलटा! तोंड खाली, बूड वर, आणि आत गवताच्या गादीवर त्यांची तांबडी कोंबडी खुडूक बसली होती. बाहेर फक्त तिचं डोकं दिसत होतं आणि त्या डोक्यावर घरमालकिणीचा भाव होता.

"तू... तू आजोबांच्या मोकोत कोंबडी बसवलीस?"

"मग काय करू? टोपलीत बसवली की उदमांजर अंडी खाऊन जातं. याच्यावर त्याची नखं टिकत नाहीत. दोन वर्षांत एक अंडं गेलं नाही माझं!"

"दोन वर्षं!"

"तुम्ही दोन वर्षांत एकदा तरी माळ्यावर चढलात का?"

 मार्थेन्सने बाही सावरायला हात वर नेला, तर बाहीच नव्हती, कारण सदराही नव्हता. तसाच हात त्याने कोंबडीखाली घातला आणि लगेच बाहेर काढून तोंडात धरला. तांबडीने असा टोचा मारला होता की डोळ्यांत पाणी आलं.

"खबरदार तिला उठवलंत तर!" योरिना म्हणाली. "आज पिल्लं फुटायची आहेत. आत्ता अंडी गार पडली तर सगळी जातील."

"अगं, आज मोको दिला नाही तर पोराचं लग्न जाईल!"

बाहेरून सोलेमान आजोबांची हाक आली, "मार्थेन्स, मोको आणतोयस की घडवतोयस?"

शेवटी तोड योरिनानेच काढली. तिने मोठं सूप घेतलं, गवत, अंडी आणि कोंबडी अलगद एकत्र उचलून सुपात ठेवली आणि वरून मोको सुलटा करून झाकला. अंधार झाला की कोंबडी गप्प! वर लग्नातली विणलेली शाल पांघरली. बापलेकांनी सूप दोन्ही बाजूंनी धरलं आणि काचेचं सामान असल्यासारखं माचीवर आणलं.

"वा!" सोलेमान आजोबा बसल्या जागी सरळ झाले. "सुपातून आणला! जमिनीला टेकवला नाही. येरमियास, बघितलंस? ही जुनी रीत. आता कोण पाळतं?"

"आमच्याकडे पाळतात," मार्थेन्स म्हणाला. वास्तविक इथेच त्याने गप्प बसायला हवं होतं.

"आणि खाली गवताचं आसन!"

"आसनाशिवाय तो बसतच नाही, काका!"

म्हाताऱ्याने शाल बाजूला केली. मोकोच्या कानाला तांबडं पीस चिकटलं होतं. ते त्यांनी दोन बोटांत धरून कपाळाला लावलं. मग डोळे मिटले, कान टेकवला आणि वरच्या पडद्यावर टिचकी मारली.

ठप्प.

आणि आतून आलं, "कुर्र्र्र..."

सोलेमान आजोबा ताडकन मागे सरले. त्यांच्या तोंडातली सुपारी घशात गेली. येरमियासने पाठ चोळली, ओक्तोने पाणी दिलं, आणि सगळं गाव कुंपणापाशी गोळा झालं.

"याने... याने उत्तर दिलं!"

ओक्तो बापाकडे बघत होता. सांगून टाका, असं त्याचे डोळे ओरडून सांगत होते. पण मार्थेन्सची जीभ! आठवडाभर धार लावून ठेवलेली!

"देणारच, काका! घराण्याचा आहे. मात्र ज्याच्या त्याच्याशी बोलत नाही. माणूस बघून बोलतो!"

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "माझे आजोबा सांगायचे, एक मोको जिवंत आहे म्हणून. मला वाटायचं, ताडी चढल्यावर सांगतात. थांब, विचारतो." त्यांनी पुन्हा कान टेकवला. "बाबा रे, आमची मेलियाना या घरात सुखात राहील का?"

ठप्प. काहीच नाही! मार्थेन्सच्या कपाळावर घाम आला. म्हाताऱ्याने जरा जोरात मारली. ठप्प! ठप्प!

"कुर्र्र कुक् कुक् कुर्र्र!"

"राहील!" कुंपणावरून सगळं गाव ओरडलं. येरमियास तर रडायलाच लागला. मार्थेन्सची छाती इतकी फुगली की उरलेला फेससुद्धा त्याला शोभून दिसू लागला.

"मग काका, ठरलं समजायचं ना?"

"ठरलं," सोलेमान आजोबांनी डोळे पुसले. "हा मोको आम्ही नेणार नाही."

"काय?"

"अरे, बोलता मोको घराबाहेर काढायचा नसतो! तुमचंही वाटोळं होईल आणि आमचंही. तू दुसरा दे. साधा दे. मुका दे. असं तुमचं घराणं म्हणजे माळ्यावर आणखी चार पडले असतील!"

मार्थेन्सच्या माळ्यावर कणसं होती आणि एक फुटकी कढई होती. "काका," तो घाईघाईने म्हणाला, "तसा हाही साधाच आहे हो. अगदीच साधा! मधेमधे बोलतो, पण तसा काही अर्थ नसतो त्याला."

"बघा याचा विनय!" म्हातारा गावाला म्हणाला.

"विनय नाही काका, देवाशपथ, टाकाऊ मोको आहे!"

आता मात्र म्हाताऱ्याच्या भुवया चढल्या. "आमच्या मुलीला टाकाऊ मोको देत होतास? की द्यायचाच नाही तुला? हे बघ, किनाऱ्यावरची माणसं रविवारी येतायत. त्यांचा मोको दगडासारखा मुका आहे, पण निदान ते देतायत!" आणि त्यांनी पान-सुपारीची चंची गुंडाळायला घेतली. आमच्याकडे चंचीची गाठ बसली की बोलणी मोडली. खाली ट्रकवाला भोंगा वाजवून वाजवून थकला होता.

"बाबा!" ओक्तोचा आवाज फुटला. "सांगा ना खरं!"

मार्थेन्सने तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदा त्यातून काही बाहेर आलं नाही. नुसतं उघडंच राहिलं.

तेवढ्यात योरिना पोह्यांचं ताट घेऊन आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मुलाच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं, म्हाताऱ्याच्या हातातली अर्धवट गाठ पाहिली. ताट खाली ठेवलं. मोकोचे दोन कान धरले आणि मोको उचलला!

उजेड पडताच तांबडीने एकदा डोळे मिचकावले. मग इतका वेळ डोक्यावर टकटक करणारं बोट तिला समोर दिसलं. ती उडाली ती सरळ सोलेमान आजोबांच्या मांडीवर, आणि तिने त्या बोटाचा सगळा हिशेब तिथल्या तिथे चुकता केला. "अगं आई गं!" म्हणून पाच डोंगरांचा जाणकार माचीवर आडवा झाला. इकडे सुपात एक अंडं तडकलं आणि ओलं, पिवळं पिल्लू बाहेर येऊन येरमियासकडे बघू लागलं.

 आणि मग तो गरीब येरमियास, न विचारता कधी न शिंकणारा, न विचारता हसला! असा हसला की माचीवरून खाली पडला आणि पडल्यावरही हसत राहिला. मग सगळं गाव हसू लागलं. हसले नाहीत ते दोघेच, मार्थेन्स आणि सोलेमान आजोबा. म्हाताऱ्याचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. उभ्या आयुष्याची अब्रू एका कोंबडीने सुपात काढली होती.

योरिना त्यांच्यासमोर बसली. "आजोबा, तुमच्या कानाला तोड नाही हो! आत जीव आहे, हे बाहेरून टिचकी मारून ओळखलंत. आमचे हे याच घरात राहतात, यांना माळ्यावर मोको नाही हे दोन वर्षांत कळलं नाही!"

म्हातारा हळूहळू उठून बसला. टोचलेलं बोट चोखत त्याने जरा विचार केला.

"मी म्हटलंच होतं, जिवंत आहे म्हणून."

"तुम्हीच तर म्हणालात! सगळ्यांनी ऐकलंय."

त्यांनी रिकाम्या मोकोवर टिचकी मारली. ठण्ण्ण! आवाज दरी ओलांडून पलीकडे गेला. "साधा आहे. पण गळा स्वच्छ आहे. चालेल." मग त्यांनी तांबडीकडे बोट दाखवलं, जरा लांबूनच. "मात्र कोंबडीसकट. आम्ही बोलता मोको पसंत केलाय."

मार्थेन्स लगेच म्हणाला, "घेऊन जा, काका! आत्ता घेऊन जा!"

"तुम्ही गप्प बसा," योरिना म्हणाली. "आजोबा, कोंबडी तुमचीच. पण पिल्लांना सोडून ती येणार नाही, आणि मोकोशिवाय ती पिल्लं घेऊन झोपणार नाही. उदमांजर टपलेलंच आहे. पिल्लं मोठी होऊ देत, मग मोको, कोंबडी, सगळं एकदम न्या. शब्द माझा. मेलियानाला मात्र आधी पाठवा. एवढी पिल्लं मला एकटीला राखायला व्हायची नाहीत."

सोलेमान आजोबांना यात काही वावगं दिसलं नाही. त्यांनी चंची पुन्हा सोडली, पान खाल्लं, पोहे खाल्ले, ओक्तोच्या डोक्यावर हात ठेवला. ओक्तो तर कोंबडीच्याच पाया पडायचा बाकी होता! ट्रक शेवटचं वळण उतरून गेल्यावर म्हातारा म्हणे एकदम दचकून येरमियासला म्हणाला, "अरे, आपण मुलगी देऊन आलो आणि हात हलवत चाललोय!"

मेलियाना आली. चांगली पोरगी, ओक्तोहून हुशार. पिल्लं मोठी झाली, पण तोवर तांबडी पुन्हा खुडूक झाली. मग तिसऱ्यांदा. सोलेमान आजोबा दर सुगीला येतात, खोपीत डोकावतात, "बसलीय का अजून?" असं विचारतात, चार दिवस राहून पोहे खातात आणि नातीच्या घरचा पाहुणचार घेऊन परत जातात. मोको तिथेच आहे.

मार्थेन्स मात्र सावरला. विहिरीवर आता तो सांगतो, "बोलणी कशी करायची ते आमच्याकडून शिका! मोको न हलवता सून आणली!" परवा तर खालच्या गावचा एक माणूस धापा टाकत डोंगर चढून आला. त्यांच्याकडे लग्नाची बोलणी अडली होती, कुणीतरी जाणतं माणूस हवं होतं. मार्थेन्सने त्याला पुरतं बोलू दिलं नाही. आत गेला, केस विंचरले, दोन्ही गालांची दाढी केली, लग्नातली शाल खांद्यावर टाकली आणि बाहेर आला.

"चल! मी तयार आहे!"

तो माणूस अवघडून उभा राहिला. "तुम्ही नाही हो काका. मी काकूंना न्यायला आलोय." मग खोपीकडे बघत त्याने आवाज खाली आणला. "आणि जमलं तर कोंबडीलाही."