जावयाच्या गाडीची लाईट

"मामा, लाईटची काळजीच सोडा! मी आलो म्हणजे लाईट आली समजा!"

रामेश्वर मास्तरांनी फोनवर सासऱ्यांना एवढंच सांगून फोन ठेवला असता, तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण मास्तर गेवराईच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला एका वाक्यावर थांबता येत नाही.

"आपली नवीन गाडी विजेवरची आहे ना मामा, तिच्यातून लाईट बाहेर घेता येते! पंखा, कूलर, फ्रीज, काय लावायचं ते लावा. अख्खं घर चालवते!"

पलीकडे आप्पारावांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. मग म्हणाले, "म्हंजे ती लाईट तयार करती व्हय?"

इथे खरं उत्तर द्यायला हवं होतं. गाडी वीज तयार करत नाही, पोटात साठवून ठेवते, आणि पोट रिकामं झालं की गाडी काय आणि बैलगाडी काय! पण सासऱ्याच्या आवाजात आपल्याविषयी कौतुक ऐकण्याची मास्तरांची ही पहिलीच वेळ होती. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तसंच समजा!"

शेजारी भाजी निवडत बसलेल्या अंजूने, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा गवारीच्या शेंगा मोडायला घेतल्या.

आता मास्तरांना या कौतुकाची एवढी भूक का, ते सांगायला हवं. आप्पारावांना दोन मुली, म्हणून दोन जावई. थोरली सुकन्या बजरंगरावांना दिलेली. बजरंगराव जवळच्याच गावचे माजी सरपंच, घरी ट्रॅक्टर, दारात डिझेलची भलीमोठी जीप. कोणी पाहुणा आला की आप्पाराव छाती पुढे काढून सांगायचे, "हे आमचे जावई, बजरंगराव!" मग त्यांची नजर फिरत फिरत कोपऱ्यातल्या मास्तरांवर यायची आणि ते म्हणायचे, "आन् हे बी जावईच हायेत."

आठ वर्षं मास्तर "हे बी" होते. मागच्या अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला ते तीन एसट्या बदलून, घामाने निथळत पोचले, तर बजरंगराव आधीच जेवून ढेकर देत बसले होते. यंदा पुन्हा अधिक महिना आलेला, तोही ऐन मे महिन्याच्या कडाक्यात. आणि धर्मापुरीजवळच्या आप्पारावांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरावर, बारा दिवसांपासून लाईट नव्हती. शिवारातला ट्रान्सफॉर्मर, तिथल्या भाषेत डीपी, जळाला होता. नवीन डीपी "उद्या येतो" असं रोज सांगितलं जात होतं. मास्तरांना वाटलं, आपला दिवस आला!

धोंड्याच्या आदल्या दिवशी दुपारी मास्तर आखाड्यावर पोचले तेव्हा गाडीत बासष्ट टक्के चार्जिंग शिल्लक होतं. परत जायला चाळीस लागणार. मास्तरांनी गाडीत सेटिंग करून ठेवलं, पंचेचाळीस टक्के उरले की बाहेरची लाईट आपोआप बंद. सगळं कसं शास्त्रीय!

त्यांनी गाडीच्या तोंडात प्लग घातला, त्याला लांब वायरचा बोर्ड जोडला, आणि ओसरीवरचा कूलर घरघरत सुरू झाला. बायडाबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पदर बाजूला करून तोंडावर वारा घेतला आणि डोळेच मिटले.

"लई दिसानं बगा वारा लागला अंगाला!"

आप्पारावांनी लगेच केजच्या भावाला फोन लावला. "आरं, लाईट आली की आमच्याकडं! डीपीबिपी काय न्हाई! आमच्या जावयानं आणली!"

आमच्या जावयानं! मधे "बी" नाही, मागे "च" नाही! मास्तरांनी पाणी प्यायला तांब्या उचलला होता, तो तसाच हातात राहिला. अंजू हळूच म्हणाली, "अहो, टक्के बघत राहा हं."

"मी विज्ञान शिकवतो, अंजू."

तासाभरात शेजारच्या वस्तीवरच्या तुळजाबाई सात मोबाईल ओटीत घालून आल्या. सगळे मेलेले. मागून कोणी दही ठेवायला फ्रीजमध्ये जागा मागितली, कोणी बर्फ मागितला. बायडाबाईंनी धोंड्याच्या पुरणासाठी डाळ मिक्सरमधून काढून घेतली आणि घरातली छोटी गिरणी लावून पायलीभर गहूही दळला. मास्तर प्रत्येकाला म्हणत होते, "लावा, लावा! संकोच करू नका!" खरं तर नाही म्हणायची सोयच नव्हती. अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. आता नारायणाने भक्ताला "टक्के कमी होतील" असं सांगायचं तरी कसं?

संध्याकाळी बजरंगरावांची जीप धुरळा उडवत आली. ते खाली उतरले, चपला काढल्या, ओसरीवर पाय ठेवला, आणि कूलर बंद पडला. पंचेचाळीस टक्के झाले होते.

"संपली काय मास्तर?" बजरंगराव मिशीतल्या मिशीत हसले.

सगळी वस्ती मास्तरांकडे बघायला लागली. तुळजाबाईंनी मोबाईलांची ओटी पोटाशी धरली. आप्पारावांच्या तोंडावरचं हसू उतरू लागलं, आणि ते उतरताना बघणं मास्तरांच्याने झालं नाही.

"छे! संपते कशाने? जरा सेटिंग करायचं राहिलंय!" असं म्हणत ते गाडीत जाऊन बसले आणि पंचेचाळीसचे दहा केले. गाडी त्याच्या खाली उतरू देत नव्हती, नाहीतर त्यांनी तेही केलं असतं.

कूलर पुन्हा घरघरला. बजरंगराव कूलरसमोर बसले. अंजू चहा देताना म्हणाली, "आणि घरी कसं जायचं?"

"कूलर आणि दोन बल्ब! रात्रभरात असे कितीसे टक्के जाणार? सकाळी बंद करू." हा हिशेब मात्र बरोबर होता, कूलर आणि दोन बल्बांपुरता.

जेवणं झाली. मास्तर कूलरसमोर अंथरुणावर पडले. डोळा लागता लागता आप्पाराव जवळ येऊन बसले. आठ वर्षांत पहिल्यांदाच!

"जावईबापू, एक इचारू का?"

"विचारा की मामा!"

"आमची मोसंबी बारा दिसापून तहानलीय. हिरीत पाणी हाय, पर मोटार बंद. दीड एचपीची बारकी मोटार हाय. तुमच्या गाडीला लई जड व्हईल का?"

अर्धवट झोपेत मास्तरांना फक्त "जावईबापू" तेवढं ऐकू आलं. त्यातच ते डुंबत होते.

"लावा की मामा, त्यात काय विचारायचं!" ते म्हणाले आणि घोरायला लागले.

सकाळी मास्तर उठले तेव्हा मोसंबीची बाग चकाकत होती. बुंध्याबुंध्याशी पाणी साचलं होतं. आप्पाराव गुडघ्यापर्यंत चिखलात उभे राहून हसत होते. "रातभर चालली मोटार! एकदा बी न्हाई बंद पडली! काय गाडी हाय!"

मास्तर अनवाणीच गाडीकडे धावले. चौदा टक्के. त्यांनी मोटार बंद करायला लावली आणि "इंजिनला जरा विश्रांती" असं काहीतरी सांगितलं. ज्या गाडीला इंजिनच नाही, तिच्या इंजिनला विश्रांती! विज्ञानाच्या मास्तरांची ही अवस्था झाली होती. कूलरही बंद करायला ते ओसरीपर्यंत गेले, पण तिथे तुळजाबाईंचे सासरे कूलरसमोर डोळे मिटून असे बसले होते की मास्तर तसेच मागे फिरले.

बारा वाजता पंगत बसली. चौरंगाशेजारी दोन पाट, आणि पहिल्या पाटाकडे बोट दाखवून आप्पाराव म्हणाले, "मास्तर, तुमी हितं बसा. बजरंगराव, तुमी तिकडं."

बजरंगरावांनी दुसरा पाट धरला. मास्तर पहिल्या पाटावर बसले. बायडाबाईंनी औक्षण केलं. अनारशांचं ताट आणि त्यावर चांदीचा दिवा हातात दिला. पानात पुरणाचे उकडलेले धोंडे, वर तुपाची धार. आप्पाराव वस्तीवरच्या मंडळींकडे वळले, घसा साफ केला, आणि म्हणाले, "हे आमचे जावई..."

कूलर थांबला. बल्ब गेले. फ्रीज एकदा थरथरला आणि निमूट झाला. त्या शांततेत तुपावर घोंगावणारी माशी तेवढी ऐकू येत होती.

"बंद कावून पडली?" आप्पारावांनी विचारलं.

मास्तरांनी धोंड्याचा घास गिळला.  "चार्जिंग संपलं मामा."

"मग घाला की चार्जिंग!"

"त्याला लाईट लागते."

आप्पारावांनी एकदा गाडीकडे आणि एकदा बंद कूलरकडे पाहिलं. "म्हंजे हिला बी लाईट लागती?"

"हो."

"आन् ती लाईट तयार करत न्हाई?"

"नाही मामा. घरून भरून आणली होती."

"म्हंजे," आप्पाराव सावकाश म्हणाले, "डब्यात आणल्यावानी?"

कोणीतरी खुदकन हसलं. ती अंजू होती. मास्तर पानातल्या धोंड्याकडे बघत राहिले. त्यांना त्या क्षणी खरोखर रडू येईल असं वाटलं, एवढ्या माणसांत, पहिल्या पाटावर बसून!

तेवढ्यात बजरंगराव हात धुवायला उठले आणि त्यांनी मोबाईल काढला. त्यांच्या गावच्या मांडववाल्याकडे जनरेटर होतं. दोन वाजता ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आलंही. बजरंगरावांनी स्वतः जीपमधला डिझेलचा कॅन काढून त्यात ओतला. "डिझेलचा एक थेंब लागत नाही!" असं मास्तर गेवराईपासून ज्याला त्याला सांगत आले होते. तीच त्यांची गाडी आता डिझेल पिणाऱ्या, काळा धूर ओकणाऱ्या जनरेटरला लुचत लिंबाच्या सावलीत उभी राहिली.

बायडाबाईंनी भाबडेपणाने विचारलं, "जनरेटर हायच तर कूलर बी लावा की त्याला!"

"न्हाई झेपायचं मामी," बजरंगराव म्हणाले. "बारकं हाय. एक तर गाडी, न्हाईतर घर."

"गाडीच ऱ्हाऊ द्या," आप्पाराव म्हणाले. "पाव्हण्याला घरी जायाचंय."

मग सगळं घर उकाड्यात घामाने भिजत बसलं आणि गाडी तेवढी थंडगार सावलीत जेवत राहिली. तुळजाबाईंचे सासरे बंद कूलरसमोरून हललेच नाहीत. अंजूने वहीच्या पुठ्ठ्याने नवऱ्याला वारा घातला आणि म्हणाली, "अकरा टक्के झाले. चांगलंय. बारा होतील आता." मास्तरांनी मांडीवरच्या चांदीच्या दिव्याकडे बघितलं. घरात सध्या चालू होऊ शकेल असा तेवढाच एक दिवा होता, आणि त्यालाही वात लावायची राहिली होती.

आतल्या खोलीत आप्पारावांचा फोन वाजला. केजचा भाऊ होता. मास्तरांनी नको नको म्हणत कान दिला.

"व्हय, व्हय, झाला धोंडा. लाईट? न्हाई, ती गेली. पर जनरेटर आलंय की! आमच्या जावयानं आणलं, बजरंगरावांनी!"  पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. मग त्यांनी आवाज खाली आणला, पण ओसरीपर्यंत येणार नाही एवढा नाही.

"व्हय, मास्तर बी हायेत ना. चार्जिंगला लावलेत."