घोटसाहेबांची जीभ

घोटसाहेबांनी त्या शनिवारी मनाशी अगदी पक्कं ठरवलं होतं, की हॉटेलात जायचं, खुर्चीवर बसायचं, पण खायचं मात्र काही नाही. (माणूस पाण्यात उतरतो तेव्हाही असंच ठरवतो, की फक्त घोट्यापर्यंतच जायचं.)

घोटसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका चहाच्या कंपनीत ते चहा चाखायच्या नोकरीवर होते. लांबलचक टेबलावर पांढऱ्या कपांची रांग मांडलेली असायची. एकेक चमचा उचलायचा, फुर्रर्र करून ओढायचा, जिभेवर खेळवायचा आणि बाजूच्या पिंपात थुंकायचा. असे दिवसाला दीड-दोनशे घोट. "थुंकण्याचा पगार घेणारा आमच्या घराण्यात हा पहिलाच," असं त्यांची आई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायची. निदान घोटसाहेब तरी ते कौतुक समजत.

तर त्या शनिवारी दुपारी तीन वाजता त्यांच्या जिभेची परीक्षा होती. मुख्य चाखणारे निवृत्त होऊन तीन महिने झाले होते, खुर्ची रिकामी होती आणि मालक स्वतः सहा कप लावून पाहणार होते. सहांपैकी एका कपात ओल लागलेल्या पोत्यातला चहा मिसळलेला असणार. तो कप ओळखला की खुर्ची आपली. नाही ओळखला तर हाताखालच्या चष्मेवाल्याला 'साहेब' म्हणायचं. बावीस वर्षं थुंकून शेवटी चष्मेवाल्याला साहेब म्हणायचं, या विचाराने घोटसाहेबांना आठ दिवस झोप नव्हती.

त्यांच्या बायकोने मात्र परीक्षेचा चोख बंदोबस्त केला होता. आठ दिवस घरात कांदा नाही, लसूण नाही, मिरची तर नाहीच नाही. सकाळी उकडलेला बटाटा, संध्याकाळी उकडलेलं गाजर, आणि दुसऱ्या दिवशी बदल म्हणून सकाळी गाजर.

"परीक्षा याची, आणि सोसायचं आम्ही," आई कुरकुरायची.

"मीपण खातेच आहे ना तुमच्याबरोबर?" बायको म्हणायची. "अहो, त्यांच्या जिभेवर आपलं घर चाललंय. आठ दिवस कळ काढू."

शनिवारी सकाळी निघतानाही तिने दारात पुन्हा बजावलं, "आज तरी भलतंसलतं काही तोंडात टाकू नका. माझी शपथ आहे."

"वेडी आहेस का?" घोटसाहेब म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

पण साडेबाराला डॉक्टरचा फोन आला. डॉक्टर म्हणजे दातांचा डॉक्टर, शाळेत एका बाकावर बसणारा मित्र. त्याच्या दवाखान्यासमोर नवं चिनी हॉटेल निघालं होतं. आणि नेहमीचं चायनीज नव्हे हं, खास सिचुआन प्रांतातलं जेवण, स्वयंपाकीही तिकडचाच.

"घोट्या, आज दवाखान्याला पंचवीस वर्षं झाली. बायको माहेरी गेलीय. एकट्याने जेवायचं म्हणजे घास उतरत नाही रे. तू नुसता समोर बस."

"मी खाणार नाही."

"नको खाऊस. पाणी पी."

आता मित्राने इतकं म्हटल्यावर कसं नाही म्हणायचं? घोटसाहेब गेले. स्वच्छ काचेचं टेबल, भिंतीवर लाल कोंबड्याचं चित्र, हात पुसण्याच्या कागदांवरही तोच लाल कोंबडा. घोटसाहेबांनी पाणी मागवलं आणि परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले.

मग ती थाळी आली. थाळी कसली, लालभडक सुक्या मिरच्यांचा डोंगरच होता, आणि त्यात कुठे कुठे कोंबडीचे बोराएवढे कुरकुरीत तुकडे लपलेले. वाफेबरोबर असा काही वास आला, की आठ दिवस गाजरावर जगलेल्या माणसाचा जीव कासावीस झाला.

"डॉक्टर, एकच तुकडा घेऊ?"

"मी काय तुझी बायको आहे? घे की."

एकाचे चार झाले, चाराचे दहा. तेवढ्यात डॉक्टरला एका पेशंटचा फोन आला आणि आवाज नीट यावा म्हणून तो बाहेर फुटपाथवर गेला. इथे घोटसाहेब आणि थाळी, दोघंच उरले. कोंबडी संपली. डोंगर जसाच्या तसा होता.

इथे घोटसाहेबांच्या वडिलांबद्दल सांगायला हवं. वडील फार कडक. ताटात एक शीत जरी उरलं तरी मुलाला उठू द्यायचे नाहीत. ते जाऊन पंधरा वर्षं झाली, पण घोटसाहेब अजून ताट चाटूनपुसून लख्ख करत. आता मित्राने प्रेमाने खाऊ घातलेलं एवढं ढीगभर अन्न टाकून उठायचं म्हणजे... त्यांनी एक मिरची तोंडात टाकली. फारशी तिखट लागेना. जिभेला नुसत्या मुंग्या आल्यासारखं झालं. 'काय नाजूक चव आहे,' घोटसाहेब मनात म्हणाले. 'उगाच लोक तिखट तिखट म्हणून बोंबलतात.' (त्या थाळीत मिरीसारखे दिसणारे दाणे होते, जे जिभेला आधी बधिर करतात आणि मग मिरची तिचं काम आरामात करते, हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.) त्यांनी दुसरी खाल्ली, विसावी खाल्ली, मग मोजणं सोडलं आणि चमचाच घेतला.

डॉक्टर परत आला तेव्हा थाळीचा तळ चकाकत होता.

"घोट्या, मिरच्या कुठे गेल्या?"

"खाल्ल्या."

"खाल्ल्या? अरे, त्या खायच्या नसतात! त्यातले तुकडे वेचून खायचे आणि मिरच्या ठेवून द्यायच्या!"

"मग वाढतात कशाला?" घोटसाहेबांनी विचारलं. तेवढं त्यांचं शेवटचं धड वाक्य.

कारण तेवढ्यात मिरच्या पोचल्या. डोळ्यांतून धारा लागल्या, नाक वाहायला लागलं, कान गरम झाले, आणि वर्षानुवर्षं चोंदलेलं त्यांचं नाक फटकन मोकळं झालं. वाढप्याने आत जाऊन सांगितलं असावं, कारण स्वयंपाकी झारा हातात घेऊन बाहेर आला, रिकाम्या थाळीकडे बघितलं, घोटसाहेबांकडे बघितलं आणि कमरेत वाकून नमस्कार केला. डॉक्टरने त्यांना दंडाला धरून रस्ता ओलांडला आणि थेट दवाखान्यातल्या खुर्चीवर आडवं केलं.

"आ कर. पाच मिनिटांत आग थांबते." आणि त्याने जिभेच्या दोन्ही बाजूंना इंजेक्शन टोचलं.

खरंच थांबली. आग थांबली, मुंग्या थांबल्या, जीभही थांबली. घोटसाहेबांना इतकं बरं वाटलं, की मित्राला मिठी मारावीशी वाटली.

"किही वेळ ऱ्हाहील?" त्यांनी विचारलं.

"चार-पाच तास. आता निवांत घरी जाऊन झोप."

घोटसाहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. दोन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. डॉक्टरच्या हातातली सुई खाली पडली. "अरे देवा! तुझी ती परीक्षा आजच ना!"

जिभेवर घर चाललेला माणूस तीन वाजता ऑफिसात पोचला तेव्हा त्याची जीभ तोंडात पाहुण्यासारखी पडून होती. सहा कप मांडलेले होते. मालक उभे, चष्मेवाला उभा. आधी चष्मेवाल्याने सहाही कप फुर्रर्र फुर्रर्र ओढले आणि छाती पुढे काढून म्हणाला, "दोन नंबर!"

मग घोटसाहेब पुढे झाले. पहिला चमचा तोंडात घेतला. गरम आहे की गार तेही कळेना. ओढायला गेले तर आवाजच निघेना, आणि अर्धा चहा हनुवटीवरून शर्टावर आला. 'संपलं,' त्यांना वाटलं. 'बायकोने आठ दिवस गाजरं खाल्ली, आणि मी एका थाळीपायी सगळं घालवलं.' लाजेने त्यांची मान खाली गेली, ती थेट कपांवर.

आणि तशीच पुढे सरकत पाचव्या कपावर मान आली तेव्हा त्या मोकळ्या झालेल्या नाकात वास शिरला. ओल्या पोत्याचा! बावीस वर्षांत इतका स्पष्ट वास त्यांना कधी आला नव्हता. पोतं अगदी समोर आणून ठेवल्यासारखा. बोलायची सोय नव्हतीच. त्यांनी नुसतं बोट ठेवलं.

मालकांनी चिठ्ठी उघडली. पाच नंबर.

"याला म्हणतात जाणकार!" मालक चष्मेवाल्याकडे वळून म्हणाले. "आवाज नाही, बडबड नाही. चहा तोंडात धरलासुद्धा नाही! अहो घोटसाहेब, एक तरी शब्द बोला!"

घोटसाहेबांनी हात जोडले. मालकांना तो विनय फारच आवडला.

"तुमचं नेमणुकीचं पत्र माझ्या खिशात आहे. नाव तेवढं लिहायचंय, ते मी तुमच्या घरी येऊन, घरच्यांसमोर लिहिणार. ज्या माऊलीने ही जीभ सांभाळली, तिच्या हातचा चहा घेऊनच!"

गाडीत मालक बोलत होते आणि घोटसाहेब माना डोलावत होते. घरी पोचले तेव्हा साडेचार झाले होते. बायकोही नुकतीच कुठूनशी येऊन चपला काढत होती. शेजारणीबरोबर जरा बाजारात गेले होते म्हणाली. तिचे डोळे लाल होते, नाकाचा शेंडाही लाल होता. बिचारी काळजीने रडली असणार, असं वाटून घोटसाहेबांना भरून आलं. मालकांनी बातमी सांगताच ती इतकी गडबडली, की "अगंबाई! बसा हं, बसा!" म्हणत स्वयंपाकघरात पळाली.

चहा आला. आई आपल्या आरामखुर्चीत बसली होती, तिलाही कप मिळाला.

"आधी मुख्य साहेब," मालक हसून म्हणाले.

घोटसाहेबांनी घोट घेतला. डोळे मिटले. थोडं थांबले. जीभ अजून जड होती, पण शब्द फुटत होते. "उत्तम," ते म्हणाले. "रंग छान, चव भरदार. असा चहा ऑफिसात नाही."

मालकांनी मोठा घोट घेतला, आणि तो गिळलाच नाही. गाल फुगलेले, नजर पिंप शोधत खोलीभर फिरत होती. पण खुद्द मुख्य चाखणारा उत्तम म्हणतोय म्हटल्यावर आपलीच जीभ बिघडली असेल, असं वाटून त्यांनी डोळे घट्ट मिटून गिळला.

बायकोने घोट घेतला. "साखर जरा कमी झाली का हो?" असं म्हणून तिने ट्रेमधल्या बरणीतला आणखी एकेक चमचा सगळ्यांच्या कपात घातला.

मग आईने घोट घेतला आणि तो तसाच बशीत सोडला.

"अगं सूनबाई, हा चहा आहे की समुद्र? मिठाची बरणी आणलीयस तू! आणि हा मेला उत्तम म्हणतोय!"

घाम पुसायला घोटसाहेबांनी खिशातून कागद काढला. त्याच क्षणी नाक पुसायला बायकोने पर्समधून कागद काढला. दोन्ही कागदांवर एकच लाल कोंबडा होता.

"अहो, तुम्ही!"

"अगं, तू?"

"आठ दिवस गाजर खाऊन जीव गेला होता हो माझा! शेजारीण म्हणाली, नवीन हॉटेल निघालंय... त्या मेल्या मिरच्यांनी तोंडाची चवच गेली!"

"तूही मिरच्या खाल्ल्यास?"

"टाकायच्या कशा? तुमच्याच घरातली शिस्त ना!"

मालक एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे, आणि मग बराच वेळ घोटसाहेबांच्या शर्टावरच्या चहाच्या डागाकडे बघत राहिले. हळूहळू त्यांना सगळं उमगलं असावं, कारण आधी त्यांच्या मिशा हलल्या, मग पोट हललं, आणि मग ते खो-खो हसत सुटले. घोटसाहेबांचा जीव भांड्यात पडला. हसतोय म्हणजे माफ केलं! मालकांनी डोळे पुसले, खिशातून पत्र काढलं, पेनाचं टोपण उघडलं आणि खुर्ची ओढून आईच्या शेजारी बसले.

"आजी," ते अदबीने म्हणाले, "तुमचं पूर्ण नाव सांगता का?"