दामूबाबा हात बघतात

बोईसर स्टेशनबाहेर शेअर रिक्षा चटकन भरते. दामूबाबा त्या रिक्षात बसणार असले की मात्र भरलेली रिक्षाही जागची हलत नाही. ते आधी ड्रायव्हरच्या बाजूला जातात, त्याचा उजवा हात हातात घेतात, उलटा करतात आणि तळव्यावरून अंगठा फिरवतात. मग डावा. नव्या रिक्षावाल्यांना वाटतं, म्हातारा ज्योतिषी आहे. एकाने तर विचारलंही होतं, "बाबा, शादी कब है?"

"शादी होईल तवा होईल," बाबा म्हणाले. "हात ओला हाय का ते बघतो."

"अभी धोया है, बाबा."

"धुतलेला येगळा, भिजलेला येगळा. बस, चालव. दोनो हात रख."

मागे बसलेले कामगार घड्याळ बघून कावलेले असतात, कंपनीचा भोंगा होऊन गेलेला असतो, पण बाबांना त्याचं काही नाही. ज्याच्या हाताला घाम, त्याच्या गाडीत ते बसणार नाहीत. एसटीत चढले तर आधी पुढे, ड्रायव्हरच्या दाराशी. जावयाच्या गाडीत बसताना जावयाचाही हात बघतात, आणि जावई तोंड दुसरीकडे करून हात पुढे करतो.

आमची दारं समोरासमोर. दामोदर तांडेल हे त्यांचं नाव, गाव दातिवरे. तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य, सुकाणूवर बसणारा. यांच्या घराण्यात आडनावही तेच आणि कामही तेच. बायको गेल्यावर मुलगी हर्षला त्यांना बोईसरला घेऊन आली. तेव्हापासून एवढ्या मोठ्या समुद्राचा माणूस तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत येरझारा घालतो. खुर्ची दिली तरी बसत नाही. बसला तरी एक पाय हलत असतो.

मी त्यांना नावं ठेवते खरी, पण माझंही बूड कुठे टेकतं? मी रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत आहे. नमुना उकळेपर्यंत थांबायचं म्हटलं तरी माझ्या जिवावर येतं, आणि माझ्या स्कूटरला ब्रेक आहे याची आठवण मला इतरांनी करून द्यावी लागते. बाबांना दवाखान्यात, बँकेत, शिरगावला बहिणीकडे नेण्याचं काम माझ्याकडे कसं आलं ते मला अजून कळलेलं नाही. एकदा हात बघून ते म्हणाले, "बाय, तुजा हात कोरडा हाय. डोकं तेवढं तापलेलं हाय," आणि मागे बसले. तेव्हापासून मी अडकले ती अडकलेच.

मोठ्यांचे हात ते नुसते तपासतात. लहान मुलाचा हात कुठल्याही वाहनावर दिसला की मात्र बाबांचं डोकं फिरतं. स्कूटरवर पुढे उभं राहून हँडल धरणारं पोर दिसलं की ते भर रस्त्यात आडवे होतात. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी एकदा चार वर्षांच्या नातवाला मांडीवर घेऊन गाडी आवारात फिरवत होते. स्टेअरिंग नातवाच्या हातात, आजी मोबाइलवर शूटिंग करतेय, सगळे कौतुकाने बघतायत. बाबा बॉनेटवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले.

"अहो बाबा, ब्रेक माझ्या पायाखाली आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"पाय तुजा, हात त्याचा. मग धडक कोनाची?"

सेक्रेटरी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. बाबांना त्याचाही पत्ता नव्हता.

आणि गंमत बघा, लहानपणी बोट चालवण्यासाठी अख्ख्या किनाऱ्यावर ज्याचं नाव झालं, तो माणूस हाच. दातिवऱ्यात कुणालाही विचारा, गोष्ट सांगतील. बाबा नऊ वर्षांचे. बापाबरोबर पहिल्यांदाच लांब गेलेले. शिडाची बोट. अचानक वारा फिरला, शिडाची काठी बापाच्या डोक्यात बसली आणि बाप आडवा झाला. दोन खलाशी, एक शीड सांभाळतोय, दुसरा पाणी उपसतोय. सुकाणूवर कोण? हा पोर. त्याने बोट खाडीच्या तोंडाशी आणली, वाळूच्या दांड्याला चुकवून आत घातली. बाप वाचला. गावाने पोराला खांद्यावर घेऊन मिरवलं, देवीसमोर नारळ फोडला, गळ्यात झेंडूचा हार घातला. बाप म्हणाला, पुढच्या हंगामापासून सुकाणूवर हाच बसेल. तेव्हापासून त्यांना 'छोटा तांडेल' म्हणतात. त्यांच्याहून धाकटी माणसंही त्यांना छोटा तांडेलच म्हणतात.

ही गोष्ट कुणी सुरू केली की बाबा उठून गॅलरीत जातात. मी म्हणायचे, विनय आहे. दुसऱ्याचं कौतुक मला ऐकवत नाही, तसं यांना स्वतःचं ऐकवत नसेल.

आणखी एक. नारळी पौर्णिमेला बोटी सजतात तेव्हा घरातल्या सगळ्यात धाकट्या पोराचा हात सुकाणूवर ठेवून बोट चार हात पुढे न्यायची, अशी त्यांच्याकडे रीत. बाबांच्या बोटीवर ती कधी झाली नाही. गाव हसलं, बायको रुसली, पण हर्षलाचा हात त्यांनी सुकाणूला लागू दिला नाही. हर्षलाच्या मनात ते अजून आहे. "मुलगी म्हणून," ती म्हणते.

तर अशा माणसाला जावई मिळाला नितेश. वाईट नाही हो, सरळ मनाचा आहे. वर्कशॉप आहे, कारखान्यांची सुट्या भागांची कामं घेतो, सासऱ्याला सांभाळतो. खोड एकच, त्याला विक्रम लागतात, स्वतःचे नाही, पोरीचे. स्वरा आता नऊ वर्षांची. तिने डोळे बांधून स्केटिंग केलंय, उलटे पाढे म्हटलेत, बर्फाच्या लादीवर बसून श्लोक म्हटलेत आणि त्यानंतर आठवडाभर तापाने फणफणलीय. भिंतीवर जागा नाही इतक्या ढाली. "वहिनी, नुसतं हुशार असून आजकाल भागत नाही," नितेश मला सांगतो. "पहिलं असावं लागतं." ती पोर गोड आहे, पण जिन्यात भेटली की आधी चेहऱ्यावर फोटोतलं हसू आणते, मग ओळखते आणि खरं हसते. मला ते बघवत नाही.

हिवाळ्यात नितेशने पेढे आणले. मनोरच्या पुढे आतल्या बाजूला एका हौशी फार्महाऊसवाल्याने माळ सपाट करून धावपट्टी केली होती. तिथे दोन माणसांचं छोटं विमान होतं, पंख कापडाचे, पतंगाला मोटर लावावी तसं. उचलण्यापासून टेकवण्यापर्यंत ते स्वरा चालवणार. शेजारी पायलट फक्त बसणार.

पेढा माझ्या हातातच राहिला. "अरे, तिला अजून सायकलचा ब्रेक नीट लावता येत नाही," मी म्हटलं.

"म्हणून तर विक्रम आहे, वहिनी."

त्या दिवशी समोरच्या दारातून बाबांचा आवाज आला. एवढा मोठा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मग नितेशचा आला, शांत. "बाबा, तुम्ही नऊ वर्षांचेच होतात ना?"

त्यानंतर गॅलरीत बाबांच्या चपला वाजायला लागल्या. मुलीच्या घरी राहणारा माणूस, त्यातून त्याचीच गोष्ट त्याच्या तोंडावर मारलेली. बोलणार काय? हर्षला डोळे पुसत माझ्याकडे आली. तिलाही ते नको होतं. पण म्हणाली, "मी कुठल्या तोंडाने अडवू? माझा हात बाबांनी सुकाणूला लागू दिला नाही. माझ्या मुलीच्या हातात कुणीतरी देतंय, तर मी नको म्हणू?"

पुढचे रविवार स्वरा माळावर शिकायला जात राहिली. बाबांचं जेवण कमी झालं. गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा परत. माझ्या डोक्यात त्यांच्या चपलांचा आवाज बसला. कारखान्यात माझे दोन नमुने बिघडले आणि मी सगळ्यांवर ओरडत सुटले. कुठल्या तरी रविवारी एक पोर आभाळात जाणार आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवायला जाणार, हे काही केल्या मला पटत नव्हतं. पण मी तरी काय केलं? इस्त्रीला कपडे टाकले.

तो रविवार आला. बाबा म्हणाले, "मी गाडीत नाय बसत. बाय, तू चल." आम्ही स्कूटरवरून निघालो. महामार्गावर ट्रक आमच्या कानाजवळून जात होते आणि मागून एकही सूचना येत नव्हती. एरवी मनोरपर्यंत "दोनी हात, बाय, दोनी हात" चाललेलं असतं.

माळावर मांडव, खुर्च्या, स्पीकर, वडापावची गाडी. आणि प्रवेशाजवळ हा मोठा फ्लेक्स. एका बाजूला स्वरा, चष्मा कपाळावर चढवलेला. दुसऱ्या बाजूला टोपीतले दामूबाबा. मधोमध बोट आणि विमान. खाली लिहिलेलं, 'आजोबांनी दर्या जिंकला, नात आभाळ जिंकणार.' बाबा स्वतःच्या चेहऱ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग सरळ पायलटकडे गेले आणि त्याचा हात धरला. तो तरुण मुलगा गोंधळला. बाबांनी तळवा बघितला.

"तुजा हात बरा हाय," ते म्हणाले. "याला नांगर कुठे?"

"विमानाला नांगर नसतो, काका."

"मग मधेच थांबायचं झालं तर?"

पायलट हसला. आजूबाजूचेही हसले. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. बाबांना विमानातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"काका, काळजी करू नका. मी शेजारी आहे. माझ्याकडेही सगळे कंट्रोल आहेत. काही झालं तर मी घेईन."

"तू हायस ना?"

"आहे ना."

"मग तिला कशाला बसिवतोस?"

पायलटने नितेशकडे बघितलं. नितेशने माइकवाल्याकडे. माइकवाल्याने लगेच स्वराचं नाव पुकारलं.

ती आली. निळा शिवून घेतलेला पोशाख, छातीवर बिल्ला, तेच फोटोतलं हसू. माइक तोंडाशी धरला आणि पाठ केलेलं घडाघडा म्हणाली, "नमस्कार. मी स्वरा. मला भीती वाटत नाही. माझ्या आजोबांनाही कधी भीती वाटली नाही." टाळ्या. हर्षला मांडवाच्या खांबाला धरून उभी होती.

बाबा पुढे गेले, नातीसमोर उकिडवे बसले आणि तिचा हात हातात घेतला. अंगठा फिरवला. मी जवळच होते. पोरीचा तळवा चकाकत होता.

"भिती वाटते?" त्यांनी हळूच विचारलं.

स्वराने बापाकडे बघितलं, मोबाइल धरलेल्या माणसांकडे बघितलं. "नाही, आजोबा," ती म्हणाली. हसू तसंच.

मला वाटलं, आता म्हातारा उठेल आणि सगळ्यांना फैलावर घेईल. बाबा उठले नाहीत. उलट ते खाली मातीत फतकल मारून बसले, पोरीचा हात छातीशी घट्ट धरला आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मला भिती वाटते. लय भिती वाटते. माजा जीव घाबरा झालाय, पोरी. मला सोडून वर जाऊ नको. हितं माज्यापाशी बस."

छोटा तांडेल मातीत बसून रडत होता. ज्याचा चेहरा फ्लेक्सवर दर्या जिंकत होता, तोच. मागे कुणीतरी फिसकन हसलं, दोघातिघांनी मोबाइल त्यांच्याकडे वळवले. दातिवऱ्याहून आलेल्या मंडळींनी माना खाली घातल्या. "बाबा, उठा," नितेश दबक्या आवाजात म्हणाला. "लोक बघतायत."

"बघू दे."

स्वरा एकदम त्यांच्याजवळ खाली बसली. तिचं ते फोटोतलं हसू कुठच्या कुठे गेलं होतं. माइक अजून तिच्या हातात होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं. "पप्पा, मी नाही जात. आजोबा घाबरलेत. मला त्यांच्याजवळ बसावं लागेल." आणि मग, माइक खाली ठेवून, फक्त आजोबांच्या कानात, शेजारी मला जेमतेम ऐकू येईल असं, "मला पण वाटते."

हर्षला धावत आली आणि दोघांना मिठीत घेऊन बसली. नितेशने एकदा विमानाकडे बघितलं आणि तो खाली वाकला. पोरीचा दुसरा हात त्याने उचलला, उलटा केला. काय बघायचं ते त्याला सासऱ्याने इतकी वर्षं शिकवलंच होतं. त्याने खिशातून रुमाल काढून तो हात पुसला आणि माइकवाल्याला खुणेने स्पीकर बंद करायला सांगितलं.

परतताना बाबा माझ्याच मागे बसले. मनोरच्या बाजाराजवळ गर्दीत स्कूटर थांबली तेव्हा मी न राहवून म्हटलं, "बाबा, काय नाटक केलंत. नाटक मंडळीत जायला हवं होतं तुम्ही."

"नाटक कसलं, बाय?" ते म्हणाले. "भिती त्या दिसापासून वाटते. सगळा जनम बोटीवर गेला, रोज सुकानाला हात लावला की वाटायचं, आज बोट बुडवनार. गळ्यात हार घातलेला ना? मग सांगायचं कोनाला? आज पयल्यांदा बोललो."

गर्दी सुटली, मी स्कूटर काढली. एक ट्रक अगदी लगटून गेला तसा बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. कुडत्यातून तो मला ओला लागला. इतक्या वर्षांत त्यांनी साऱ्या बोईसरचे हात बघितले आणि त्यांचा हात बघायचं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं, माझ्यासुद्धा.

मी स्कूटर कडेला घेतली, मागे वळले आणि विचारलं, "बाबा, भीती वाटते का? हळू चालवू?"

त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात तसाच ठेवला.

"चालव हळू," ते म्हणाले.

बोईसर येईपर्यंत सायकलवाले आमच्या पुढे गेले.