गिटारवरच्या टिकल्या

अहो, असे लांब काय बसलात? जरा पुढे सरका. आणि ते नवं ताट घेतलंत ना, त्याच्या मागचं दुकानाचं स्टिकर अजून तसंच आहे, हो की नाही? अर्धं फाटलेलं, अर्धं काळं चिकट झालेलं. शोभतं का हे? आमच्या तावडे भावोजींनी बघितलं असतं ना, तर भरल्या ताटावरून उठवलं असतं तुम्हाला.

थट्टा नाही करत. माझ्या सुनेच्या डोहाळजेवणात या माणसाने ओटीच्या नव्या ताटातले तांदूळ, खण, नारळ बाजूला काढले, ताट उलटं केलं आणि कोपऱ्यात बसून अंगठ्याने चोळत राहिला. बायका ताटकळलेल्या. "दोनच मिनिटं, वहिनी. गोंद सुटला की वस्तू मोकळी!" हे त्यांचं पालुपद. लिफ्टमधल्या जाहिराती, माझ्या फ्रिजवरचं कार्टून, काही सोडलं नाही. केळ्याचं साल टाकायचंच असतं ना? तरी आधी त्यावरचं लेबल काढणार, मग केळं सोलणार.

चारकोपला आमच्या समोरच्याच दारात राहतात. तिथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लेबलं छापायच्या कारखान्यात जन्म गेला. त्यांची बायको नलू म्हणायची, "आयुष्यभर चिकटवलं, आता प्रायश्चित्त घेतायत."

नलू त्यांच्या वरताण. साठीला आली आणि भजनी मंडळ सोडून गिटारच्या क्लासला जायला लागली! वाजवताना घाम आला की कपाळावरची टिकली काढायची आणि लावायची गिटारवर. आपण नाही का बाथरूमच्या आरशावर लावत, तशी. भावोजी तडफडायचे. "अगं, पॉलिश आहे ते!" ती म्हणायची, "असू दे की. तुम्हाला उद्योग होईल."

मागच्या वर्षी नलू गेली. जायच्या आधी हॉस्पिटलात माझ्यादेखत म्हणाली, "गिटार सईला द्या. पण टिकल्या काढून, स्वच्छ करून द्या हं." सई माझी नात. भावोजींनी नलूचा हात धरून शब्द दिला.

चाळीसेक टिकल्या असतील. लांबून केस वाळवायच्या मशीनची ऊब द्यायची, टिकलीखालून शिवणाचा दोरा सरकवायचा, उरलेल्या गोंदावर खोबरेलाचा थेंब, मग अंगठ्याच्या पोटाने हळूहळू गोल. "रॉकेल नाही, थिनर नाही, नख तर नाहीच. पॉलिश म्हणजे कातडी, वहिनी." आठवड्याचं काम हो. सहा महिने झाले. सई विचारायची, "आजी, झाली का गं?" मी बेल वाजवली की भावोजी दार अर्धंच उघडायचे. "एक राहिलीय."

मग एका दुपारी तेच आले. चेहरा पांढराफटक.

"वहिनी, काल सगळ्या काढल्या. पुसून, कापड घालून ठेवली. सकाळी बघतो तर एक आहे. परवाही तसंच. रोज एक. मरून. तिचीच."

"जुनी राहिली असेल, भावोजी."

"माझ्याकडून? राहील?"

तेही खरंच. या माणसाकडून गोंदाचा कण राहायचा नाही. ते अगदी हळू म्हणाले, "नलू येते."

मी गेले त्यांच्याबरोबर. भर तीन वाजता खोलीत अंधार, खिडक्या लावलेल्या. खोबरेलाचा असा वास, की कुणी आत्ताच वेणी घालून उठलंय. गिटार पलंगावर, नलू झोपायची त्या बाजूला. मी म्हटलं, "बाई गं!" तर आतून बारीकसा हुंकार आला. मी चौकट घट्ट धरली.

"घाबरू नका, तारा आहेत. कुणी बोललं की त्या घुमतात," भावोजी म्हणाले. "मी बोलतो, ती हुंकार देते." दूध आलं म्हणून सांगावं, इतक्या सहज.

टिकलीला बोट लावून बघितलं. जुन्या टिकलीचा गोंद वाळतो, कड उचलते. हिचा ओला होता, बोट सोडेना. पाकिटातली कोरी टिकली. पन्नास वर्षं लावतेय, मला नाही कळणार? मी बोट पदराला पुसलं.

भावोजींनी ती काढली. दोरा, तेल, अंगठा. लाकूड असं लखलखलं, की माझा चेहरा दिसला.

"झालं," मी म्हटलं. "आता नेते सईला."

"न्या. शब्द दिलाय." आणि गिटार उन्हात ठेवू नका, भिंतीला टेकवू नका, असं सांगायला लागले. सांगता सांगता त्यांचा डावा हात शर्टाच्या खिशात गेला. मरून टिकल्यांचं पाकीट बाहेर आलं. त्यातली एक सुटली, गिटारच्या भोकाखाली लागली, अंगठ्याने दाबली गेली. पाकीट परत खिशात. नजर सगळा वेळ माझ्या तोंडावर. देवाशपथ सांगते, त्या माणसाला काही ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी खाली बघितलं.

"बघितलंत? वहिनी, बघितलंत? तुमच्यासमोर आली!"

"भावोजी, अहो तुमचाच हात," हे अगदी ओठांपर्यंत आलं होतं. गिळलं.

"आली हो," मी म्हटलं. तारा घुमल्या.

"मग आज कशी नेणार?" म्हणाले, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा हसले.

नाही नेली. सईच आता संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन वाजवते. ती उठली की भावोजी दोरा घेऊन बसतात. गेल्या मंगळवारी खिशातलं पाकीट रिकामं दिसलं. मी बाजारातून तसलंच आणलं आणि दोरीवर वाळत घातलेल्या त्यांच्या शर्टाच्या खिशात सरकवून आले. केलं खरं. बरोबर केलं की चूक, माहीत नाही.

पण त्या खोलीत तारा घुमवायला मी एकटीने किती बोलायचं? तुम्हीही या ना एकदा. चहा प्या, चार शब्द मोठ्याने बोला. या हं, लवकर या. आणि बेल समोरची वाजवा, माझी नको.