येसाजीअण्णा आणि रश्शाचे मोदक

आमचे घरमालक येसाजीअण्णा चिनी हॉटेलात जाताना कोटाच्या खिशात तुपाची डबी घेऊन जात. बेंगळुरूच्या थंडीत तूप थिजलेलं असे. मग ती डबी वाफाळत्या टोपलीच्या झाकणावर ठेवायची, आणि तूप पातळ होईपर्यंत कुणी घासाला हात लावायचा नाही, असा अण्णांचा कायदा होता.

मी पुण्याहून सरकारी कारखान्यातल्या नोकरीसाठी आलेलो. अण्णांचं घराणं मात्र तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर येऊन इथलंच झालेलं. पहिल्याच रविवारी "चल की, स्वल्प तिखट मोदक खाऊ," म्हणून त्यांनी मला लिनसाहेबांच्या चार टेबलांच्या हॉटेलात नेलं.

टोपली उघडली तर खरोखरच उकडीचे मोदक! मी घरच्या रिवाजाने एकाचं नाक मोडलं, तूप ओतलं आणि चावा घेतला. आत सारणाबरोबर कोंबडीचा कढत रस्सा असतो हे अण्णांनी मुद्दामच सांगितलं नव्हतं. माझा नवा शर्ट गेला.

"पहिल्या दिवशी माझं धोतर गेलेलं," अण्णा टाळ्या पिटत म्हणाले. "आता तू घरचा झालास!"

लिनसाहेब बिचारे हात जोडून सांगत, आधी बारीक भोक पाडा, रस्सा ओढा, मग खा. "मोदकाला भोक?" अण्णा ओरडत. "गणपतीला तोंड कसं दाखवू?" मग प्रत्येक मोदक उजेडात धरून निकाल देत, "कळ्या कमी!" एकदा तर बाह्या सरसावून कळ्या शिकवायला स्वयंपाकघरात शिरले. अण्णांचे सगळे मोदक वाफेत फुटले. लिनसाहेब गंभीरपणे म्हणाले, "सरी, ठीक आहे, अण्णा. हाच चुरा आजचं सूप."

मग बासष्ट साली सरहद्दीवर चीनशी युद्ध पेटलं आणि हॉटेलात चिटपाखरू फिरकेना. खोटं कशाला सांगू, मीही दोन रविवार पोट बिघडल्याचं निमित्त केलं. सरकारी नोकरी, उगाच कुणी पाहिलं तर? तिसऱ्या रविवारी अण्णांनी मला दंडाला धरून नेलं. मी आत कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलो.

"अण्णा, आजचा शेवटचा दिवस," लिनसाहेब म्हणाले. "उद्यापासून बंद."

"कळ्या धड येत नाहीत आणि बंद? चार टोपल्या आण!" अण्णांनी टेबल फरफटत दारात नेलं, रस्त्यासमोर मांडलं आणि मोठमोठ्याने नावं ठेवत, भुरके मारत खायला सुरुवात केली. बघे जमले. त्यातला एक जण म्हणाला, "शत्रूच्या घरचं खाता? लाज नाही वाटत?"

अण्णा थांबले. त्यांचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता.

"आमचे वाडवडील ह्या गावात तलवारी घेऊन आले होते रे. तरी गावानं ठेवून घेतलं. हा तर मोदक घेऊन आलाय."

लिनसाहेब मुदपाकखान्याच्या दारात पाठ फिरवून उभे होते. मला माझीच शरम वाटली. मी उठलो, खुर्ची उचलली आणि अण्णांच्या शेजारी, रस्त्याकडे तोंड करून बसलो.